मेट्रनबाईंचं बंदर

नगर जिल्ह्याला समुद्र नाही, हे मी शाळेत नकाशा रंगवताना शिकलो होतो. तरीही माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी फजिती झाली ती एका बंदरावर, आणि ते बंदर पुणतांब्यापासून सायकलच्या टप्प्यात, गोदावरीच्या काठाला होतं.

बंदर म्हणजे नदीत उतरणारा एक दगडी धक्का. एके काळी पलीकडच्या तीरावरचा ऊस नावांतून या धक्क्यावर यायचा आणि इथून छोट्या रुळांवरच्या उघड्या डब्यांत पडून साखर कारखान्यात जायचा. डबे ओढायला वाफेची इंजिनं होती. बुटकी, पोट सुटलेली, सावकाराच्या मुनिमासारखी दिसणारी. पुढे रस्ते झाले, ट्रक आले, नावा कुजल्या, रूळ गवतात गेले आणि एक सोडून बाकीची सगळी इंजिनं भंगारात गेली. त्या एकाला मेट्रनबाईंनी वाचवलं. म्हणजे मी तिथं जाईपर्यंत तरी वाचवलं होतं.

बाई नगरकडच्या एका मिशनच्या दवाखान्यात मेट्रन होत्या. त्यांचे वडील याच गाडीवर ड्रायव्हर. रुळांच्या कडेच्या चाळीत बाई जन्मल्या, वाढल्या आणि रिटायर झाल्यावर सगळे थांबा थांबा म्हणत असताना एक ट्रंक, एक बायबल आणि दवाखान्यातले दोन पांढरे एनॅमलचे डबे घेऊन त्याच चाळीत परत आल्या. डबे नीट लक्षात ठेवा. मी ठेवले नाहीत, म्हणून हे लिहायची वेळ आली.

कडक इस्त्रीचं पांढरं पातळ, पायांत कॅनव्हासचे बूट, छातीवर पिनेनं उलटं लटकावलेलं घड्याळ. अशा थाटात बाई कारखान्याच्या चेअरमनसाहेबांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "शेडमध्ये माझ्या वडिलांचं इंजिन गंजतंय. मला ते रविवारी चालवायचंय." साहेब म्हणे आधी हसले, मग बाईंचा चेहरा बघून हसायचे थांबले. "चालवा. फकस्त कुनाला मारू नका," एवढी तोंडी परवानगी मिळाली. धक्क्यावरच्या पत्र्याच्या खोलीत बाईंनी नावेची वल्ही, दोरखंड, कंदील, वडिलांची टोपी असं मांडलं आणि ते झालं संग्रहालय. मग कारखान्याच्या फाटकावर पाटी लागली : 'स्वयंसेवक पाहिजेत. नाश्ता मिळेल.'

मी तेव्हा कारखान्याच्या शेतकी ऑफिसात कारकून होतो. मूळचा मिरजगावचा, एकटा जीव, खानावळीत जेवणारा. रविवारी सकाळी खानावळ बंद असायची. पाटीवरचे पहिले दोन शब्द मी वाचलेच नाहीत.

गेलो तर बाई म्हणाल्या, "नखं दाखव."

मी दाखवली.

"सिस्टर, ही नखं घेऊन तू पेशंटला हात लावणार?"

मी मागं वळून पाहिलं. मागं कुणी सिस्टर नव्हती. एक म्हैस होती.

उभ्या हयातीत हाताखालच्या प्रत्येक माणसाला सिस्टर म्हटल्यामुळे बाईंना दुसरी हाकच येत नव्हती. आम्ही पाच-सहा स्वयंसेवक, सगळे मिशीवाले, सगळे सिस्टर. गावातली पोरं आम्हाला 'नर्सबाया आल्या' म्हणायची. आमच्यातले दगडूबा हे या गाडीवरचे जुने फायरमन, कोळसा मारून मारून खांदे दरवाज्याएवढे झालेले. त्यांना मी हळूच विचारलं, "दगडूबा, तुम्हालाही सिस्टर?"

"पयल्या पयल्यांदा लाज वाटायची," ते म्हणाले. "आता कुनी दगडूबा म्हनलं तर मी वळूनच बघत न्हाई."

आणि पेशंट म्हणजे इंजिन. सकाळी आल्यावर बाई त्याच्या बॉयलरवर, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा, उलटा हात ठेवायच्या. हलका कोळसा आला की "हे पथ्यात बसत नाही" म्हणून परत पाठवायच्या. बॉयलरच्या तळाचा गाळ वाफेच्या जोरानं बाहेर सोडायच्या कामाला त्यांनी जे नाव ठेवलं होतं, ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. पण मेट्रनबाईंनी ठेवलेलं नाव म्हटल्यावर तुम्ही ओळखलंच असेल.

पेशंटसमोर वाईट बोलायचं नाही, हा सगळ्यांत कडक नियम. एकदा कारखान्याचे एक साहेब इंजिनाला टेकून उभे राहिले आणि सिगारेट झटकत म्हणाले, "आज ना उद्या हे भंगारातच जायचं, काय बाई?" बाईंनी त्यांचा दंड धरला, त्यांना चालवत चालवत पार लिंबाच्या झाडाखाली नेलं आणि म्हणाल्या, "आता बोला. तिथं नको. ऐकू जातं." ते साहेब नंतर दिवसभर, स्वतःच्या ऑफिसातसुद्धा, हळू आवाजात बोलत होते असं त्यांच्या शिपायानं सांगितलं.

संग्रहालयाच्या पाटीचीही गंमत आहे, आणि तीत मी आहेच. पाटी लिहून घ्यायचं काम माझ्याकडे होतं. 'जुने नाव-बंदर व वाफेची गाडी यांचे संग्रहालय' असा मजकूर बाईंनी दिला होता. पेंटरनं पत्रा छोटा आहे म्हणून सांगितलं. मी म्हटलं, मग थोडक्यात लिही. त्यानं लिहिलं, 'बंदर संग्रहालय'. रस्त्याच्या कडेला ती पाटी लागली आणि पुढच्याच रविवारी एसटीतून एक कुटुंब उतरलं. नवरा, बायको, सासू, तीन पोरं आणि हातात फुटाण्याच्या पुड्या. धक्क्यावर येऊन त्यांनी वल्ही बघितली, दोरखंड बघितला, वर झाडांत बघितलं.

"बंदरं कुठंयत?" नवऱ्यानं विचारलं.

मी बंदर या शब्दाचे दोन अर्थ समजावून सांगायला लागलो. सासूबाई म्हणाल्या, "पोरान्ला कबूल केलंय वो. येवढ्या लांबून आलोय. येक तरी दावा."

बाई खोलीतून बाहेर आल्या. आमच्याकडे एकवार बघून म्हणाल्या, "तीन-चार तुमच्यासमोरच उभी आहेत. फुटाणे घाला, खातात."

आणि खरं सांगतो, भूक लागली होती. मी खाल्ले.

आता माझी एक खोड सांगायला हवी. फजिती झाली की मी तिची गोष्ट करतो. लहानपणापासूनची सवय. लोक आपल्याला हसणारच असतील, तर आपण आधी हसावं, म्हणजे मार कमी लागतो. सोमवारी दुपारी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मी रविवारचं सगळं साग्रसंगीत सांगायचो. शिट्टी नीट वाजते का बघायला मी दोरी ओढली आणि शेजारून जाणारी बैलजोडी गाडीसकट उसात शिरली, ती गोष्ट. फुटाण्यांची गोष्ट. बाईंचा आवाज मला हुबेहूब यायचा. "सिस्टर!" असं मी छातीवरचं नसलेलं घड्याळ बघत ओरडलो की टेबलं वाजायची. माझ्या चहाचे पैसे मला कधी द्यावे लागले नाहीत. बाईंना हे ठाऊक होतं की नव्हतं, मला माहीत नव्हतं. आणि मी माहीत करून घेतलं नाही.

आता ते डबे.

दवाखान्यात पोट साफ करायला रोग्याला नळीनं एनिमा देतात, त्याचे ते एनॅमलचे डबे. खाली तोटी असलेले. बाईंनी एकात सिलिंडरचं तेल ठेवलं होतं. घट्ट, काळं, चुलीजवळ ठेवून गरम केल्याशिवाय न हलणारं. दुसऱ्यात काकवी. जवळच्या गुऱ्हाळावरची, तीही घट्ट, काळी, तीही गरम केल्याशिवाय न हलणारी. बाजरीची भाकरी आणि त्यावर तोटीतून सोडलेली गरम काकवी, हा आमचा नाश्ता. पहिल्या दिवशी डबा कसला आहे हे कळल्यावर माझा घास तोंडातच फिरायला लागला. बाई म्हणाल्या, "अर्धा तास उकळलाय, सिस्टर. तुझ्या खानावळीतल्या वाट्यांपेक्षा स्वच्छ आहे." त्यानंतर मी निमूट खात गेलो आणि पुढं पुढं मागून घेत गेलो.

तेलाच्या डब्याला लाल चिंधी बांधलेली, काकवीच्याला बँडेजची पांढरी पट्टी. दोन्ही इतक्या मळल्या होत्या की एक काळपट लाल आणि एक काळपट पांढरी. पण चिंधी चिंधी होती आणि पट्टी पट्टी; हाताला कळायचं.

त्या वर्षी कारखान्याला शेडची जागा गोदामासाठी पाहिजे झाली. नगरचा एक भंगारवाला येऊन हातोडीनं इंजिन वाजवून गेला. बाई चेअरमनसाहेबांकडे गेल्या. साहेब अडाणी भाषेत बोलायचे, पण बोललेलं पाळायचे. ते म्हणाले, "बाई, मी सोता बसतो. शेडपासून धक्क्यापातुर मला न्या. पोचलो तर इंजिन तुमचं, रूळ तुमचे, बोर्डात ठराव करून देतो. न्हाई पोचलो, तर मंग मला बोल लावू नका."

बाईंनी आम्हाला लिंबाखाली बोलावलं आणि सांगितलं. त्यानंतर श्रावणातले सगळे रविवार आम्ही रुळांतलं गवत उपटत होतो. बाई गुडघ्यावर बसून खुरप्यानं रूळ मोकळा करत होत्या, आणि मधेच उठून शेडपर्यंत जाऊन यायच्या, उगीच.

तो रविवार उजाडला. सजावट माझ्याकडे होती. कुणी दिली नव्हती, मीच घेतली होती. इंजिनाला झेंडूचे हार घातले. डब्यांना आंब्याचे डहाळे बांधले. शाळेची पोरं, शिक्षक, संचालक मंडळी जमायला लागली. नाश्त्याचं टेबल मांडताना त्या दोन मळक्या चिंध्या माझ्या डोळ्यांत खुपल्या. चेअरमनसाहेब येणार आणि टेबलावर हे! मी दोन्ही चिंध्या सोडल्या, डबे घासूनपुसून लख्ख केले आणि दोघांनाही केशरी फितीची सारखी फुलं बांधली. डावा तेलाचा, उजवा काकवीचा, असं स्वतःला दोनदा बजावलं. मग टेबलाला वळसा घालून पलीकडून आलो.

पुढचं तुम्हाला कळलंच.

वास तरी यायचा, म्हणाल. तर साहेबांच्या सन्मानार्थ मी कानात हिन्याचा फाया घातला होता. मला त्या दिवशी शेणसुद्धा हिन्याचंच वाटलं असतं. डावा डबा उचलला, सिलिंडरच्या डोक्यावरच्या पितळी वाट्या भरल्या, तोट्या उघडल्या. "तेल घातलं का, सिस्टर?" बाईंनी विचारलं. "भरपूर," मी म्हटलं.

साहेब पहिल्या डब्यात खुर्ची टाकून बसले, मागं पोरं भरली, बाईंनी दांडा ओढला, गाडी सुटली आणि नाल्याच्या पुलावर अडकली.

आधी वास आला. हवेत एकदम काहीतरी खमंग, गोड, लग्नाच्या आचाऱ्याकडून यावं तसं. एक संचालक म्हणाले, "कुठं पाक शिजतोय का?" पोरं नाकं वर करून हुंगायला लागली. मग इंजिनातून कण्हल्यासारखा आवाज, एक धक्का, आणि सगळं गप्प. काटा बघितला तर वाफ पुरेपूर.

"बाई, वाफ हाय, पर गाडी हालंना," दगडूबा म्हणाले.

गाडी अडकली की पाहुण्यांचं मन रमवायचं, हे मला त्या क्षणी सुचलं. नाश्त्याची टोपली, त्या उजव्या एनॅमलच्या डब्यासकट, गाडीच्या मागच्या डब्यात होतीच. मी लगबगीनं ताटलीत भाकरी घेतली, उजव्या डब्याची तोटी सोडली, भाकरी काळीभोर, चकचकीत भिजवली आणि साहेबांच्या हातात दिली. "घ्या साहेब, आपल्याच गुऱ्हाळाची."

तिकडं बाई खाली उतरून सिलिंडरपाशी वाकल्या होत्या. तोटीतून बुडबुडत आलेलं काळं काहीतरी त्यांनी बोटावर घेतलं. चोळलं. हुंगलं. आणि जिभेला लावलं.

"काकवी," बाई म्हणाल्या.

त्या एका शब्दानंतर, सिलिंडरमध्ये काकवी असेल तर भाकरीवर काय आहे, हा हिशेब तिथल्या प्रत्येक माणसाच्या डोक्यात एकाच वेळी झाला असावा. कारण सगळ्या माना एकदम साहेबांकडे वळल्या. साहेबांच्या तोंडात घास होता. मिशी तेलानं चमकत होती. ते चावत नव्हते, गिळत नव्हते, थुंकत नव्हते. नुसते बसले होते.

"गिळू नका साहेब," बाई ओरडल्या. "गिळलंत तरी घाबरू नका. पोट साफ होईल, एवढंच."

साहेबांनी रुळांच्या बाजूला तोंड मोकळं केलं, इंजिनाच्याच टाकीतलं पाणी घेऊन चुळा भरल्या, उपरण्यानं मिशी पुसली. मला वाटलं, आता माझी नोकरी इथंच नाल्यात पडली. पण तो माणूस मोठा होता. हसले. म्हणाले, "बाई, येवढ्या वर्सांच्या राजकारनात मी लई काय काय खाल्लं, पर तेल पयल्यांदाच खाल्लं!" सगळे हसले. मग बाईंकडे वळून म्हणाले, "असू द्या. दसऱ्याला पुन्यांदा बसतो. ह्या बाबाला तेवढं लांब ठिवा."

म्हणजे बघा. गाडी अडकली तरी काही गेलं नव्हतं. दसऱ्याला अवकाश होता. बाई आणि दगडूबा रोज सकाळी उकळतं पाणी घेऊन बसायचे. सिलिंडर खोलून जळलेला पाक खरवडून काढायचे. मी मदतीला गेलो तर बाईंनी मला मुंग्यांच्या कामावर लावलं. सगळ्या पंचक्रोशीतल्या मुंग्या त्या इंजिनावर जमल्या होत्या. मी कुंचल्यानं मुंग्या झाडायचो. बाई मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. वॉर्डात चूक झाली की आधी पेशंट बघायचा, माणूस नंतर बघायचा, असं त्या म्हणाल्या आणि तेही माझ्याकडे न बघता. आठ-दहा दिवसांत इंजिन पहिल्यासारखं झालं. जागच्या जागी चालवून पाहिलं. दगडूबा म्हणाले, "आधीपरीस ग्वाड चालतंय."

इथं मी गप्प बसलो असतो तर हे लिहिलं नसतं.

पण सोमवार आला, आणि सोमवारी कॅन्टीन असतं. इतकी मोठी फजिती पोटात ठेवणं मला जमण्यासारखं नव्हतं. मी टेबलावर चढून सांगितलं. स्वतःला शेणानं सारवून सांगितलं, हे कबूल. पण नुसता मीच असतो तर गोष्टीत काय राम? साहेबांचा तो न चावता, न गिळता बसलेला चेहरा मी करून दाखवला. बाईंनी बोट चाटलं ते केलं. आणि शेवटी साहेबांचं वाक्य, त्यांच्याच आवाजात : "लई काय काय खाल्लं, पर तेल पयल्यांदाच खाल्लं!" लोक बाकांवरून खाली पडले. दुसऱ्या पाळीच्या लोकांनी पुन्हा सांगायला लावलं. मंगळवारी वर्कशॉपमध्ये बोलावणं आलं. शुक्रवारी मी राहात्याच्या बाजारात भाजी घेत होतो, तर एक अनोळखी माणूस भाजीवाल्याला तीच गोष्ट सांगत होता. मी तिथं उभा राहून ऐकली आणि, लाज वाटते सांगायला, मला अभिमान वाटला.

मी ऐकली त्यात अजून भाकरी होती. पण गोष्ट तोंडातोंडानं जाते तशी हलकी होत जाते. पुढच्या गावात भाकरी गळून पडली. त्याच्या पुढच्या गावात इंजिन गळालं. दसऱ्याच्या आधी कारखान्याची वार्षिक सभा होती. मांडव सभासदांनी भरलेला. चेअरमनसाहेब अहवाल वाचायला उभे राहिले आणि मागून कुणीतरी ओरडलं, "साहेब, कारखान्याचं तेल कुनी खाल्लं?"

दुसरा म्हणाला, "आवो, सोताच कबूल झालेत की! लई खाल्लं म्हनले, समद्यांदेखत!"

मांडव हसला. मग हसता हसता मांडवातले काही लोक हसायचे थांबले आणि खरंच विचारायला लागले, किती तेल, कुठलं तेल, त्याचा हिशेब दाखवा. साहेब माइकपाशी उभे. मी कारकुनांच्या बाकावर बसलो होतो. त्यांचा चेहरा मला दिसत होता. न चावता, न गिळता, तसाच. ज्या माणसानं सगळ्यांसमोर स्वतःची थट्टा करून एका म्हाताऱ्या बाईची लाज राखली होती, त्याच्या तोंडात मी दुसऱ्यांदा तेल घातलं होतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी शेतकी ऑफिसात एवढंच सांगितलं म्हणे, "ते इंजिनच नको आन त्यो इषयच नको." दसऱ्याच्या आत भंगारवाल्याचा ट्रक आला. मी रजा टाकून मिरजगावला निघून गेलो होतो. आई आजारी आहे असं सांगितलं होतं. आई ठणठणीत होती.

परत आल्यावर पहिल्या रविवारी जायचं नाही असं ठरवलं होतं, पण पाय गेले. शेडमध्ये इंजिनाच्या जागी जमिनीवर एक लांबट काळा डाग होता. बाई धक्क्यावर स्टुलावर बसल्या होत्या. शेजारी दगडूबा. नाश्त्याची ताटली पुढं आली. मी नको म्हटलं.

"बस, सिस्टर," बाई म्हणाल्या. "ती गोष्ट सांग."

"कुठली, बाई?"

"सगळ्या तालुक्यानं ऐकली. मीच राहिले. जशी त्यांना सांगितलीस तशीच सांग. माझा आवाज काढतोस ना? तोही काढ."

मी म्हटलं, बाई, नको. त्या वाट बघत बसल्या. बाईंची वाट बघणं काय चीज होती ते मी सांगू शकत नाही. त्यापुढं भले भले सर्जन हात धुऊन यायचे. मी सांगायला लागलो. फिती, हिना, टेबलाचा वळसा. "तेल घातलं का, सिस्टर?" हे त्यांच्याच तोंडावर त्यांच्याच आवाजात म्हटलं. दगडूबा आपल्या पायांकडे बघत होते. बोट चाटून "काकवी" म्हणायची जागा आली, आणि बाई हसल्या. तोंडावर हात धरून, खांदे हलवून, खरंच हसल्या. त्यांनी मला मुस्काटात मारली असती तर मी ती आनंदानं घेतली असती.

हसू थांबल्यावर त्यांनी चष्मा पुसला.

"चांगली सांगतोस," त्या म्हणाल्या. "पण गाडी सुटली आणि अडकली, असं का म्हणतोस?"

"अडकलीच ना, बाई."

"पुलापर्यंत चालली होती."

"ते सांगत बसलं की गोष्ट लांबते. लोक कंटाळतात."

"चालली की!" दगडूबा पहिल्यांदाच मान वर करून म्हणाले. "निम्म्याच्या वर गेल्ती."

"मग तेवढं सांगत जा," बाई म्हणाल्या, आणि ताटली उचलून आत गेल्या.

त्यानंतर किती लग्नांत, किती निरोपसमारंभांत मी ही गोष्ट सांगितली याला गणती नाही. दर वेळी ठरवतो की या वेळी गाडी चालवायची. आणि दर वेळी समोरच्यांचे ओठ हसायला टपलेले दिसले की मी घाईनं पुलावर येतो. वरसुद्धा तेच केलंय. मागं जाऊन बघा, एका वाक्यात गाडी सुटलीय आणि अडकलीय. बाई जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. तर जे अजून वाचताहेत त्यांच्यासाठी.

बाईंनी दांडा ओढला तेव्हा आधी काही झालं नाही. मग डब्यांच्या साखळ्या एकामागून एक ताणल्या, खण, खण, खण, आणि जमीन मागं सरायला लागली. पोरं ओरडायचीच विसरली. शेडची सावली संपली, ऊन आलं. दोन्ही बाजूंना डोक्यावर गेलेला ऊस; त्याची पाती डब्यांना घासत होती आणि पोरं हात काढून ती पकडत होती. पाटाच्या कडेला धुणं धुणाऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या. एक म्हातारी बाजरी कापत होती. तिनं विळा खाली ठेवला आणि दोन्ही हात जोडले, कुणाला ते कळलं नाही. चेअरमनसाहेब खुर्चीवरून उठून डब्याच्या काठाला धरून उभे होते. कुणीतरी ओळखीचा बांधावर दिसला तशी त्यांनी टोपी काढून हवेत फिरवली आणि "ये शिरपाऽ!" अशी हाळी दिली, गुरामागच्या पोरासारखी. दगडूबा कोळसा मारत काहीतरी गात होते. इंजिनाच्या ठोक्यात शब्द ऐकू येत नव्हते. बाईंच्या पांढऱ्या पातळावर काजळीचे ठिपके पडत होते आणि त्या ते झटकत नव्हत्या. मी त्यांच्या मागं उभा होतो. वळणावर गाडी जराशी कलली, उसाची भिंत संपली आणि लांब, खाली, नदी दिसली. धक्का दिसला. बाईंनी शिट्टीची दोरी ओढली आणि बराच वेळ सोडलीच नाही.

मग पूल आला.